चित्रांचें एक दुकान: लंडनच्या ‘गॅलरी वन’चीं दहा वर्षें

श्रोतेहो, साखरेला बाजारभाव असतो, कापडाला असतो, सोन्याला तर रोजच्या रोज छापून येतो. एका दुकानांतला भाव पटला नाहीं तर आपण शेजारच्या दुकानांत चौकशी करतों. परंतु ज्याचें नांव कोणीं ऐकलेलें नाहीं अशा तरुण चित्रकाराचें चित्र आपल्यासमोर आलें, तर त्याचा भाव कोणाला विचारावा? तसेंच दुसरें चित्र शेजारच्या दुकानांत मिळण्यासारखें नसतें. कापड, चौकट आणि रंग यांचा खर्च धरला तर ती एक अगदीं स्वस्त वस्तु ठरते. चित्रकारानें त्यासाठीं घातलेलीं वर्षें धरलीं तर तिची किंमत करतांच येत नाहीं. या दोन टोकांच्या मध्यें कोणाला तरी पहिल्यानें एक आंकडा उच्चारावा लागतो आणि त्या आंकड्याच्या पाठीशीं स्वतः उभें राहावें लागतें. असा आंकडा उच्चारणाऱ्या माणसाचा धंदा कसा चालतो, आणि त्यांत कोण काय पणाला लावतो, याविषयीं आज थोडें सांगावयाचें आहे.

त्यासाठीं मीं लंडनमधील एका लहानशा चित्रदालनाचा इतिहास निवडला आहे. त्याचें नांव ‘गॅलरी वन’. तें १९५३ सालीं उघडलें आणि १९६३ सालीं बंद झालें. म्हणजे त्याचें आयुष्य अवघें दहा वर्षांचें. एवढ्या अवधींत त्यानें दोनदां बिऱ्हाड बदललें. त्याचा चालक कोणी पेढीवाला नव्हता, कवि होता. तरीहि १९५० नंतरच्या ब्रिटिश चित्रकलेचा इतिहास लिहिणाराला हें दालन वगळून पुढें जातां येत नाहीं. आणि गोमंतकांतील एका खेड्यांत जन्मलेल्या व मुंबईंत वाढलेल्या एका चित्रकाराला लंडनमध्यें खरा आधार मिळाला तो याच दालनांत. त्यामुळें ही हकीकत आपल्याला अगदींच परकी नाहीं.

प्रथम या धंद्याची रचना समजून घेऊं. चित्रांच्या व्यापाराच्या दोन तऱ्हा आहेत. दिवंगत आणि मान्यवर चित्रकारांचीं चित्रें विकणारा व्यापारी आपला माल आधीं स्वतः विकत घेतो. त्या चित्रकाराचीं इतर चित्रें पूर्वीं कितीला गेलीं हें त्याला ठाऊक असतें, आणि नवीं चित्रें आतां निर्माण व्हावयाचीं नसल्यामुळें माल मर्यादितच राहणार याचीहि त्याला खात्री असते. हा व्यापार भांडवलाचा आणि माहितीचा आहे. हयात चित्रकारांचीं ताजीं चित्रें विकणाऱ्या दालनाची गोष्ट निराळी. तेथें चित्रें बहुधा चित्रकाराच्याच मालकीचीं राहतात. तीं केवळ विक्रीसाठीं दालनाच्या स्वाधीन केलेलीं असतात. चित्र विकलें गेलें तर किंमतीचा ठराविक वांटा दालनाला मिळतो. त्या काळच्या लंडनमध्यें हा वांटा सामान्यतः एक-तृतीयांशाच्या आसपास असे. विकलें गेलें नाहीं तर प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशीं तें भिंतीवरून उतरतें आणि आलें त्या वाटेनें चित्रकाराच्या खोलीकडे परत जातें.

प्रदर्शन लोकांना खुलें होण्याच्या आदल्या सायंकाळीं निमंत्रितांना बोलावण्याची चाल आहे. टीकाकार, संग्राहक, चित्रकाराचे स्नेही आणि केवळ जमावाच्या ओढीनें येणारे लोक अशी ही मंडळी असते. हातांत पेला असतो, गप्पा चाललेल्या असतात, आणि चित्रकार मात्र एका कोपऱ्यांत उभा राहून भिंतीकडे पाहत असतो. कारण चित्र विकलें गेलें म्हणजे त्याच्या शेजारीं एक लहानसा लाल ठिपका लावतात. त्या सायंकाळीं किती ठिपके लागले यावर पुढच्या वर्षाचें घरभाडें अवलंबून असतें.

एक साधा हिशेब मांडून पाहूं. समजा, दालनानें एका अपरिचित चित्रकाराचीं २० चित्रें लावलीं आणि प्रत्येकाची किंमत ३० पौंड ठेवली. त्यांतील ६ विकलीं गेलीं. एकूण १८० पौंड आले; त्यांपैकीं ६० दालनाचे. एवढ्यांतून तीन-चार आठवड्यांचें भाडें, दिवाबत्ती, निमंत्रणपत्रिका, चित्रांच्या यादीची छपाई आणि टपालखर्च भागवावयाचा. मग चालकाच्या पदरांत काय पडलें? बहुतेक वेळां कांहीं नाहीं. आणि सहाच्या ऐवजीं दोनच चित्रें गेलीं तर तो महिना तोट्याचाच. अशा दालनाला खरा फायदा होतो तो पुष्कळ उशिरां. चालकानें सुरुवातीस स्वतः एकदोन चित्रें घेऊन ठेवलेलीं असतात. चित्रकाराचें नांव झालें, दहा-वीस वर्षें लोटलीं, तर त्या चित्रांना मोल येतें. परंतु तोंपर्यंत थांबावयास जवळ पैसा लागतो. आणि ज्याच्याजवळ पैसा नाहीं त्याला तीं चित्रें मोल येण्यापूर्वींच विकावीं लागतात.

आतां १९५३ सालच्या लंडनकडे वळूं. महायुद्ध संपून आठ वर्षें झालीं होतीं, तरी टंचाईचे दिवस पुरते सरले नव्हते. साखरेचें नियंत्रण त्या वर्षाच्या सप्टेंबरांत उठलें. मांसाचें तर १९५४ च्या जुलैपर्यंत चालूच होतें. बॉम्बनें पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा शहरांत अजून दिसत होत्या. चित्रांचा बाजार होता तो मुख्यतः मेफेअर या श्रीमंत वस्तींतील बाँड स्ट्रीटच्या आसपास. तेथें जुनीं, प्रतिष्ठित दालनें होतींच. शिवाय युद्धानंतर कांहीं नवींहि उघडलीं होतीं. विशेष हें कीं, समकालीन ब्रिटिश कलेचा कैवार घेणाऱ्या या नव्या दालनांपैकीं कित्येकांचे चालक मूळचे ब्रिटिश नव्हते. गिंपेल बंधु फ्रान्समधून आलेले. त्यांनीं १९४६ सालीं आपलें दालन काढलें. त्याच वर्षीं व्हिएन्नाहून परागंदा झालेल्या फ्रँक लॉइड आणि हॅरी फिशर यांनीं ‘मार्लबरो’ची स्थापना केली. १९४८ सालीं ‘हॅनोव्हर गॅलरी’ काढणाऱ्या एरिका ब्राउसेन यांचा जन्म जर्मनींतला. बाहेरून आलेल्या माणसाला घरच्या माणसांचे गुण कधीं कधीं लवकर दिसतात, त्यांतलाच हा प्रकार म्हणावयाचा.

व्हिक्टर मस्ग्रेव्ह यांचा जन्म १९१९ सालचा. युद्धकाळांत ते कैरो येथें होते. तेथें त्यांची इडा कार या आर्मेनियन वंशाच्या छायाचित्रकार बाईंशीं ओळख झाली. इडा यांचा जन्म रशियांतील तांबोव्ह या शहरीं झालेला. दोघांचा विवाह १९४४ सालीं झाला आणि पुढच्याच वर्षीं तें जोडपें लंडनला आलें. १९५३ सालीं मस्ग्रेव्ह यांनीं चेअरिंग क्रॉस रोडनजीक, १ लिचफील्ड स्ट्रीट या पत्त्यावर आपलें दालन थाटलें. चेअरिंग क्रॉस रोड म्हणजे जुन्या-नव्या पुस्तकांच्या दुकानांचा रस्ता. संग्राहकांच्या मोटारी तेथें थांबत नसत. विद्यार्थी, लेखक आणि रिकाम्या खिशाचे वाचक मात्र तेथें घोटाळत असत. मेफेअरचें भाडें परवडत नाहीं म्हणून निवडलेली ती जागा असेल, तरी तिचा एक लाभ झाला. गॅलरी वनमध्यें जी माणसें सहज डोकावत, तीं विकत घेणारीं नसलीं तरी पाहणारीं होतीं, आणि पाहून झाल्यावर त्याविषयीं बोलणारीं होतीं.

याच दालनांत १९५५ च्या फेब्रुवारींत फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचें प्रदर्शन भरलें. सूझा यांचा जन्म १९२४ सालीं गोव्यांतील साळगांव येथें, पोर्तुगीज अमलांत झाला. वडील ते तान्हे असतांनाच वारले. आईनें मुंबईस येऊन शिवणकामावर संसार चालवला. मुलगा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें शिकत असतां ‘भारत छोडो’ आंदोलनांतील सहभागाबद्दल १९४५ सालीं त्याला तेथून काढून टाकण्यांत आलें. १९४७ सालीं मुंबईंत जो प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला त्यांत सूझा, रझा, हुसेन, आरा, बाक्रे आणि गाडे हे सहाजण होते. त्या काळीं मुंबईंत आधुनिक चित्रें विकणारें दालन म्हणावें असें कांहीं नव्हतें. या तरुणांना धीर दिला तो मुख्यतः युरोपांतून आलेल्या तिघांनीं: रूडॉल्फ फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंगर. कोणी लिहीत असे, कोणी शिकवीत असे, कोणी विकत घेत असे. परंतु तिघांच्या आश्रयावर एक पिढी जगूं शकत नाहीं. १९४९ सालीं सूझा लंडनला गेले.

लंडनमध्यें पहिलीं पांच-सहा वर्षें फार ओढगस्तीचीं गेलीं. चित्रें होतीं, पण तीं लावावयास भिंत नव्हती. मग कवि स्टीफन स्पेंडर यांच्याशीं परिचय झाला. स्पेंडर त्या वेळीं ‘एन्काउंटर’ या मासिकाचे संपादक होते. सूझा यांनीं आपल्या गोमंतकीय बालपणाविषयीं लिहिलेला, स्वतःला एका अळीची उपमा देणारा निबंध त्यांनीं १९५५ च्या आरंभीं छापला, आणि मस्ग्रेव्ह यांच्याशीं सूझा यांची गांठ घालून दिली. निबंध आणि प्रदर्शन दोन्ही एकाच सुमारास लोकांपुढें आलीं. प्रदर्शनांतील सर्व चित्रें विकलीं गेलीं. ‘न्यू स्टेट्समन’मध्यें जॉन बर्जर यांच्यासारख्या कडक टीकाकारानें त्यांची दखल घेतली.

सूझा यांचीं तीं चित्रें बैठकीच्या खोलींत सहज शोभून दिसावींत अशीं नव्हेत. जाड काळ्या रेषांनीं आंखलेले चेहरे, कपाळापर्यंत वर सरकलेले डोळे, खिळ्यांनीं जखडलेला ख्रिस्त, बाणांनीं विद्ध झालेले संत, आणि कांटेरी झाडांसारखीं उभीं असलेलीं शहरें. गोव्याच्या देवळांतील मूर्ति आणि खजुराहोचीं शिल्पें, युरोपांतील जुनें धार्मिक चित्रण आणि पिकासो, या सर्वांचा अंश त्यांत होता. परंतु अमुक एकाच परंपरेच्या खणांत तें काम बसवितां येत नव्हतें. सावध व्यापाऱ्याला असला माल नको असतो, कारण गिऱ्हाइकाला तो काय म्हणून सांगावयाचा हाच प्रश्न पडतो. मस्ग्रेव्ह यांनीं तो घेतला. एकदांच नव्हे, तर पुढें अनेक वर्षें सूझा यांचीं प्रदर्शनें तेथें होत राहिलीं.

याचा परिणाम पाहा. १९५८ सालीं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम आंतरराष्ट्रीय पारितोषिकासाठीं ब्रिटनच्या वतीनें जे पांच चित्रकार निवडले गेले त्यांत सूझा एक होते. पोर्तुगीज गोव्यांत जन्मलेला, मुंबईच्या कलाशाळेंतून बाहेर घातलेला हा मनुष्य ग्रेट ब्रिटनचा प्रतिनिधि ठरला. ‘समकालीन ब्रिटिश कला’ या शब्दांचा अर्थ कोण ठरवतो, या प्रश्नाचें एक उत्तर येथें मिळतें. कायदा किंवा वंश यांच्या आधीं तो अर्थ एखाद्या लहान दालनाची भिंत ठरवूं शकते. १९६० सालीं याच गॅलरी वनमध्यें पाकिस्तानांतून आलेल्या अन्वर जलाल शेम्झा यांचेंहि प्रदर्शन झालें. आज ब्रिटिश कलेच्या इतिहासांत ही नांवें मानानें घेतलीं जातात. तीं त्या इतिहासांत शिरलीं तीं अशा दारांतून.

लिचफील्ड स्ट्रीटवरून दालन पुढें सोहो भागांतील डार्ब्ले स्ट्रीटवर गेलें. दालनाच्या वरच मस्ग्रेव्ह आणि इडा कार यांचें बिऱ्हाड होतें, व तेथेंच इडा यांचा छायाचित्रांचा स्टुडिओ. खालीं प्रदर्शन, वर संसार, आणि जिन्यावरून चित्रकारांची ये-जा. इडा यांनीं या काळांत लेखकांची आणि कलावंतांचीं जीं छायाचित्रें घेतलीं त्यांत सूझाहि आहेत. १९६० सालीं लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीनें इडा यांच्या छायाचित्रांचें मोठें प्रदर्शन भरविलें. एखाद्या छायाचित्रकाराला त्या संस्थेनें असा मान देण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांचा सारा छायाचित्रसंग्रह १९९९ सालीं लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयानें घेतला. गॅलरी वनच्या जमाखर्चाच्या वह्यांपेक्षां त्या काळाचा हा पुरावा अधिक बोलका आहे.

या मधल्या काळांतील दोन प्रदर्शनांचा उल्लेख केला पाहिजे. १९५६ सालीं गिलियन एअर्स या तरुण चित्रकर्तीचें पहिलें स्वतंत्र प्रदर्शन येथें झालें. त्या वेळीं त्यांचें वय जेमतेम २६ वर्षांचें. घरांच्या भिंतींना लावावयाचा रंग कापडावर ओतून, पसरून त्या चित्रें करीत. त्यांत मनुष्य, झाड, टेबल असें ओळखण्यासारखें कांहीं नसे. पुढें त्या ब्रिटनमधील अमूर्त चित्रकलेच्या अग्रणी ठरल्या. दुसरें प्रदर्शन फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लाइन यांचें, १९५७ च्या जूनमधलें. क्लाइन यांच्या चित्रांत आकृति नव्हती, रेषा नव्हती. एका कापडावर एकच रंग, कांठोकांठ. लंडनमध्यें त्यांचें हें पहिलें प्रदर्शन. दोन दिवसांनीं समकालीन कलांच्या संस्थेंत त्यावर जाहीर वादविवाद झाला, कारण ही कला आहे कीं थट्टा, याविषयीं एकमत होईना. त्या वेळीं क्लाइन यांचीं चित्रें विकून दालनाचें भाडें निघावें अशी आशा कोणाला असणें कठीण. परंतु केवळ आपल्या देशांतील कलाच लोकांपुढें मांडली तर ती कोठें उभी आहे हें कळत नाहीं. एअर्स आणि सूझा यांच्या शेजारीं पॅरिसचा हा एकरंगी नमुना ठेवल्यानें पाहणाराच्या नजरेला तुलनेचें माप मिळालें.

डार्ब्ले स्ट्रीटवरच्या दिवसांत कॅस्मिन नांवाचा एक तरुण मस्ग्रेव्ह यांच्या हाताखालीं काम करीत होता. चित्र कसें टांगावें, गिऱ्हाइकाशीं कसें बोलावें आणि विशेषतः कोणत्या क्षणीं गप्प राहावें, हे धडे या धंद्यांत पुस्तकांतून मिळत नाहींत; ते उमेदवारी करूनच घ्यावे लागतात. त्याच्याविषयीं पुढें सांगतों.

१९६१ सालीं दालन तिसऱ्या जागीं, नॉर्थ ऑड्ली स्ट्रीटवर गेलें. ही वस्ती मेफेअरमधली. म्हणजे पुस्तकांच्या गल्लीपासून श्रीमंतांच्या आळीपर्यंत आठ वर्षांचा प्रवास झाला. या जागेविषयींची एक हकीकत पुढें अनेकदां सांगितली गेली आहे. एका संध्याकाळीं पावसापासून आडोसा म्हणून एक तरुणी दालनाच्या दाराशीं उभी राहिली आणि खिडकींतून आंत पाहूं लागली. मस्ग्रेव्ह यांनीं तिला आंत बोलावलें. ती एका जाहिरात कंपनींत अर्धवेळ काम करीत होती व तिच्या बगलेंतील बाडांत तिचीं स्वतःचीं चित्रें होतीं. तीं पाहतांच मस्ग्रेव्ह यांनीं प्रदर्शन देऊं केलें. या तरुणीचें नांव ब्रिजेट रायली. १९६२ च्या वसंत ऋतूंत त्यांचें पहिलें स्वतंत्र प्रदर्शन गॅलरी वनमध्यें झालें.

रायली यांचीं हीं चित्रें केवळ काळ्या आणि पांढऱ्या रंगांचीं. चौकोन, पट्टे, वर्तुळें अशा साध्या आकारांची मांडणी. पण आकार क्रमाक्रमानें असे अरुंद होत जातात कीं, सपाट कापड डोळ्यांदेखत वांकूं लागतें, हलूं लागतें. कापडावर कांहींच हलत नाहीं. हालचाल होते ती पाहणाराच्या दृष्टींत. दुसरें प्रदर्शन १९६३ सालीं तेथेंच झालें. १९६५ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयांत अशा दृष्टिभ्रमाच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन झालें व रायली एकदम जगाच्या नजरेंत आल्या. इतक्या, कीं कापडाच्या व्यापाऱ्यांनीं त्यांना न विचारतां त्यांच्या आकृति कपड्यांवर छापल्या, आणि त्याविरुद्ध त्यांना तक्रार करावी लागली. १९६८ सालीं व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनांत चित्रकलेचें आंतरराष्ट्रीय पारितोषिक त्यांना मिळालें. तें मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. पावसाची ती सर लौकर ओसरली असती तरीहि रायली मोठ्या झाल्या असत्या. परंतु खिडकीबाहेर उभ्या असलेल्या अनोळखी मुलीला आंत बोलावणारे दालनचालक किती असतात, हाहि प्रश्न विचारण्यासारखा आहे.

१९६२ च्या ऑक्टोबरांत येथें आणखी एक प्रदर्शन झालें. त्याचें नांव ‘फेस्टिव्हल ऑफ मिसफिट्स’, म्हणजे कोठेंच न बसणाऱ्यांचा मेळा. त्यांत विकत घेऊन घरीं नेण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें. फ्रेंच कलावंत बेन व्होतिए हा पंधरा दिवस दालनाच्या दर्शनी खिडकींतच राहिला. तेथेंच जेवण, तेथेंच निद्रा. जो मनुष्य तोच देखावा. त्याच दिवसांत क्यूबाच्या प्रश्नावरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर येऊन उभें होतें. अशा वेळीं मेफेअरच्या रस्त्यानें जाणाराला कांचेमागें एक मनुष्य शांतपणें बसलेला दिसे. कोणी हंसले, कोणी रागावले. विकण्यासाठीं काढलेल्या दालनानें न विकण्याजोगी वस्तु आपल्या सर्वांत महाग जागेंत, म्हणजे रस्त्यावरच्या खिडकींत, ठेवावी, यांत मस्ग्रेव्ह यांचा स्वभाव स्पष्ट दिसतो.

पुढच्याच वर्षीं, १९६३ सालीं, गॅलरी वन बंद झाली.

श्रोतेहो, ज्यानें इतके अचूक अंदाज केले त्याचें दुकान बंद कां व्हावें? मघाशीं मांडलेला हिशेब आठवा. चित्रकार अपरिचित असतो तोंवर त्याचीं चित्रें स्वस्त, म्हणून दालनाचा वांटा थोडा. त्याचें नांव झालें कीं चित्रें महाग होतात. परंतु तेव्हांच मोठीं दालनें त्याच्याकडे येतात. तीं दरमहा ठराविक रक्कम देऊं शकतात, रंगीत पुस्तक छापूं शकतात, न्यूयॉर्कला प्रदर्शन भरवूं शकतात. चित्रकारालाहि संसार असतो. तो गेला तर त्याला कृतघ्न म्हणतां येणार नाहीं. अशा रीतीनें शोध घेणाराच्या वांट्याला जोखीम येते आणि पीक दुसऱ्याच्या कोठारांत जातें. हा कोणा एकाचा दोष नव्हे. नव्याची पारख आणि थांबण्याइतकें भांडवल या दोन गोष्टी एका ठिकाणीं क्वचितच नांदतात.

आतां त्या कॅस्मिनची गोष्ट. ज्या वर्षीं गॅलरी वन बंद झाली त्याच १९६३ च्या एप्रिलमध्यें त्यानें तरुण लॉर्ड डफरिन यांच्या भांडवलाच्या जोरावर न्यू बाँड स्ट्रीटवर स्वतःचें दालन उघडलें. डेव्हिड हॉकनी यांचें पहिलें स्वतंत्र प्रदर्शन त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तेथें झालें, आणि त्या दशकांतील ब्रिटिश कलेचें तें एक मुख्य ठाणें बनलें. डार्ब्ले स्ट्रीटवरची उमेदवारी तेथें फळाला आली. एका दिव्यानें दुसरा लागतो म्हणतात, त्यांतलीच ही गोष्ट.

मस्ग्रेव्ह मात्र नफ्याच्या वाटेनें गेले नाहींत. उत्तरायुष्यांत त्यांचें लक्ष वेधलें तें ज्यांनीं कधीं कलाशाळेचें तोंड पाहिलें नाहीं अशा लोकांच्या चित्रांनीं. मनोरुग्णालयांतील रुग्ण, एकान्तवासी, मजूर, स्वप्नें पडतात म्हणून चित्रें काढणारे म्हातारे. अशा कलेचें एक मोठें प्रदर्शन त्यांनीं रॉजर कार्डिनल यांच्यासह १९७९ सालीं लंडनच्या हेवर्ड गॅलरींत भरविलें. १९८४ सालीं मस्ग्रेव्ह वारले. त्यांनीं व त्यांच्या सहचारिणी मोनिका किन्ली यांनीं जमविलेला या कलेचा संग्रह आज मँचेस्टरच्या व्हिटवर्थ संग्रहालयांत आहे. म्हणजे कोठेंच न बसणाऱ्यांना जागा करून देण्याचा त्यांचा छंद दुकान मोडल्यावरहि सुटला नाहीं.

आणि सूझा? १९६७ सालीं ते न्यूयॉर्कला गेले. नंतरच्या काळांत लंडन त्यांना जवळजवळ विसरलें. २००२ सालीं मुंबईंत त्यांचें निधन झालें. त्यांचें १९५५ सालचें, म्हणजे गॅलरी वनमधील त्या पहिल्या प्रदर्शनाच्या वर्षींचें, ‘बर्थ’ नांवाचें मोठें चित्र २०१५ सालीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत चाळीस लाख डॉलरांहून अधिक किंमतीला गेलें. त्यांतील एक पैहि अर्थातच ना चित्रकाराला मिळाली, ना ज्यानें त्यांना पहिली भिंत दिली त्याला. लंडनच्या टेट संग्रहालयांत सूझा यांचीं चित्रें आहेत, रायली यांचीं आहेत, एअर्स यांचीं आहेत. तेथें जाणाऱ्या प्रवाशाला हीं एकमेकांपासून फार दूरचीं कामें वाटतील. त्यांचा एक जुना पत्ता समाईक आहे, हें त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळावयाचें नाहीं.

जातां जातां एक योगायोग सांगतों. लंडनची गॅलरी वन ज्या १९६३ सालीं बंद झाली त्याच सालीं मुंबईंत दोन खाजगी चित्रदालनें सुरू झालीं: जहांगीर आर्ट गॅलरीच्या माडीवर केकू गांधी यांची ‘केमोल्ड’ आणि फ्लोरा फाउंटननजीक ‘पंडोल’. केकू गांधींचा मूळ धंदा चित्रांच्या चौकटी करण्याचा. त्या चौकटींच्या दुकानांतच नव्या चित्रकारांचीं चित्रें टांगतां टांगतां त्याचें दालन झालें. सूझा मुंबई सोडून गेले तेव्हां जी भिंत येथें नव्हती, ती उभी राहावयास अशीं चौदा वर्षें लागलीं.

तेव्हां पुढें कधीं एखाद्या तरुण चित्रकाराच्या प्रदर्शनास आपण गेलां आणि चित्राखालचा आंकडा पाहून मनांत म्हणालां, ‘ह्याला कोण देणार इतके पैसे?’, तर क्षणभर थांबावें. तो आंकडा बाजारानें ठरविलेला नाहीं. बाजार अजून तेथें पोंचावयाचा आहे. कोणा एका माणसानें तें चित्र पाहिलें, त्यावर विश्वास ठेवला आणि त्या विश्वासापोटीं या महिन्याचें भाडें पणाला लावलें, एवढेंच त्या आंकड्यानें कळतें. चित्र घ्यावें कीं न घ्यावें हें आपल्या आवडीवर आणि खिशावर आहे. परंतु तें नीट पाहावें, आणि आवडलें तर तसें त्या चालकाला सांगून मग जावें. दालनें चालतात तीं विक्रीवर. तरी ज्या दिवशीं विक्री होत नाहीं तो दिवस त्यांना अशाच एखाद्या शब्दावर काढावा लागतो.